बदली पॉइंट गार्डचा करार मॅच करावा का? जेरेमी लिन आणि निक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

17 जुलै 2012 च्या रात्री एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या न्यूयॉर्क निक्सने जेरेमी लिनला जाऊ दिलं. ह्यूस्टन रॉकेट्सने त्याला दिलेल्या कराराची बरोबरी करायला निक्सने नकार दिला आणि पाच महिन्यांपूर्वी अख्खं शहर डोक्यावर घेणारा पोरगा टेक्सासला गेला. आजही एखाद्या संघाच्या बदली पॉइंट गार्डला, म्हणजे चेंडू घेऊन चाल रचणाऱ्या राखीव खेळाडूला, दुसऱ्या संघाने भरघोस आकडा दिला की लिनचं नाव निघतंच आणि तेच प्रश्न नव्याने विचारले जातात. ते सगळे इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण हा विषय मला अजून सुटत नाही.

करार ‘मॅच’ करणं म्हणजे नक्की काय?

एनबीएमध्ये करार संपलेले खेळाडू दोन प्रकारचे असतात. एक पूर्ण मोकळे, कुठेही जाऊ शकणारे. दुसरे ‘रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट’. हे बाहेरच्या संघाच्या करारावर सही करू शकतात, पण जुन्या संघाचा त्यांच्यावर पहिला हक्क असतो. जुन्या संघाने ठरलेल्या मुदतीत ‘तेवढेच पैसे आम्ही देतो’ असं कळवलं की खेळाडू तिथेच राहतो.

आयपीएलच्या लिलावातलं ‘राइट टू मॅच’ कार्ड किंवा प्रो कबड्डीतलं ‘फायनल बिड मॅच’ तुम्हाला माहीत असेल, तर कल्पना तीच आहे. फरक एवढाच, की लिलावात एकच आकडा असतो आणि तो परवडतो की नाही हे तिथल्या तिथे कळतं. एनबीएमध्ये बाहेरचा संघ तीन-चार वर्षांचा करार लिहितो आणि कुठल्या वर्षी किती पगार हेही तोच ठरवतो. जुन्या संघाला त्यात काना-मात्रेचाही बदल करता येत नाही. घ्यायचा तर तसाच्या तसा, नाहीतर सोडायचा.

मुदतही तुटपुंजी. 2011 च्या आधी 7 दिवस मिळायचे, लिनच्या वेळी 3 दिवस होते आणि 2017 च्या नियमांनी ते 2 वर आणले. शिवाय एकदा मॅच केलं की वर्षभर त्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय दुसरीकडे पाठवता येत नाही. ज्याने प्रस्ताव दिला होता त्या संघाकडे तर त्या वर्षात मुळीच नाही.

लिन तर स्टार होता. त्याला ‘बदली’ का म्हणायचं?

कारण 4 फेब्रुवारी 2012 पर्यंत तो बदलीतलाही शेवटचा होता. हार्वर्डमधून अर्थशास्त्रात पदवी घेतलेला, 2010 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कोणीच न निवडलेला. गोल्डन स्टेट वॉरियर्सने घेतलं आणि डिसेंबर 2011 मध्ये सोडलं. ह्यूस्टनने घेतलं आणि नाताळच्या आदल्या दिवशी सोडलं. मग निक्सने उचललं, तेही त्यांचे गार्ड दुखापतींनी बेजार होते म्हणून. न्यूयॉर्कमध्ये तो भावाच्या घरी सोफ्यावर झोपत होता.

वॉरियर्सने त्याला का सोडलं, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. त्यांना लॉस एंजलिस क्लिपर्सच्या डिआंड्रे जॉर्डनला असाच मोठा प्रस्ताव द्यायचा होता आणि त्यासाठी पगाराच्या हिशोबात जागा करायची होती. क्लिपर्सने तो प्रस्ताव मॅच केला. जॉर्डन जागचा हलला नाही, नोकरी गेली ती लिनची. दुसऱ्याच्या करारामुळे ज्याचं पोट मारलं गेलं, त्याच्याच करारावरून सात महिन्यांनी दोन संघ समोरासमोर आले.

4 फेब्रुवारीला न्यू जर्सी नेट्सविरुद्ध त्याने बाकावरून उठून 25 गुण केले. पुढच्या सामन्यापासून तो सुरुवातीच्या पाचांत आला. लेकर्सविरुद्ध 38 गुण. स्टार्टर म्हणून पहिल्या 5 सामन्यांत मिळून 136 गुण, 1976 च्या लीग-विलीनीकरणानंतरचा विक्रम. निक्सचे सलग 7 विजय.

त्यातला सहावा टोरंटोत झाला. आमच्याकडे बुधवारची सकाळ होती, आठ वाजायला आले होते. ऑफिसची बस गाठायची म्हणून मी एका बुटाची नाडी बांधली होती, दुसरी हातात तशीच धरून लॅपटॉपसमोर उभा होतो. 87-87 अशी बरोबरी. लिन मधल्या रेषेजवळ चेंडू टप्पे देत उभा, समोर होझे काल्देरॉन. प्रशिक्षक माइक डँटोनींनी टाइमआउट घेतला नाही. लिन घाई करेना. घड्याळ पाचाच्या खाली आलं तसा तो पुढे सरकला, थबकला आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून उडी मारली. चेंडू जाळीतून गेला तेव्हा 0.5 सेकंद उरला होता. 90-87. टोरंटोच्या मैदानात टोरंटोचेच लोक ओरडत उभे राहिले. बस चुकली, पण मला अजून काल्देरॉनचे खाली आलेले हात आठवतात.

ह्यूस्टनचा प्रस्ताव किती रुपयांचा, म्हणजे डॉलरचा होता?

तीन वर्षांचे मिळून 2 कोटी 51 लाख डॉलर. पण एकूण आकडा फसवा आहे. पहिल्या वर्षी 50 लाख, दुसऱ्या वर्षी साधारण 52 लाख आणि तिसऱ्या वर्षी, म्हणजे 2014-15 च्या मोसमात, एकदम 1 कोटी 49 लाख. सगळी मेख त्या तिसऱ्या वर्षात होती.

पगार असा एकदम उडी मारतो, हे कसं चालतं?

याला ‘अरेनस नियम’ म्हणतात. 2003 मध्ये गिल्बर्ट अरेनस हा ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत निवडलेला तरुण गार्ड वॉरियर्सकडे होता. वॉशिंग्टनने त्याला मोठा करार देऊ केला. वॉरियर्सची इच्छा होती, पण पगाराची मर्यादा ओलांडल्याशिवाय ते बरोबरी करू शकत नव्हते आणि ओलांडण्याची मुभा त्यांना नव्हती. हातचा मोती गेला. त्यानंतर नियम आला, की एक-दोन वर्षंच खेळलेल्या अशा खेळाडूला बाहेरचा संघ पहिल्या वर्षी लीगच्या ठरावीक रकमेपेक्षा जास्त देऊ शकत नाही आणि दुसऱ्या वर्षी वाढही किरकोळच. जुन्या संघाला मॅच करता यावं, हा हेतू.

मात्र तिसऱ्या वर्षापासून पगार एकदम मोठ्या उडीने वाढवायची वाट त्याच नियमाने मोकळी ठेवली. जुन्या संघाला वाचवायला बांधलेल्या भिंतीला असं मागून दार राहिलं. ह्यूस्टनचे महाव्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी त्या उन्हाळ्यात ते दोनदा वापरलं: एकदा लिनसाठी, एकदा शिकागो बुल्सच्या ओमेर आशिकसाठी, जवळजवळ त्याच आकड्यांत. बुल्सनेही मॅच केलं नाही.

ह्यूस्टनला तो जड का झाला नाही?

हिशोबाची पद्धत वेगळी होती म्हणून. सॅलरी कॅपखाली, म्हणजे संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेखाली, जागा असलेल्या संघाने असा करार दिला, तर त्याच्या खात्यात दरवर्षी सरासरी रक्कम लागते, लिनच्या बाबतीत सुमारे 84 लाख. निक्स मात्र कॅपच्या कधीच वर गेले होते. त्यांच्या खात्यात दरवर्षीचा खरा आकडा लागला असता, म्हणजे तिसऱ्या वर्षी पूर्ण 1 कोटी 49 लाख. कागद तोच, सहीही तीच, पण एका घरात तो समान हप्त्यांनी फिटणार आणि दुसऱ्या घरात शेवटचा हप्ता घर हलवणार.

आणि लक्झरी टॅक्स? तो किती पडला असता?

इथे थोडं पाटी-पेन्सिल घेऊन बसावं लागेल. पगाराची बेरीज एका रेषेच्या वर गेली की संघाला लीगकडे दंड भरावा लागतो. 2012-13 मध्ये ही रेषा सुमारे 7 कोटी 3 लाख डॉलरवर होती आणि दंड सरळ होता: एक डॉलर जास्त, एक डॉलर दंड. 2013-14 पासून दंड चढत्या पायऱ्यांनी सुरू झाला. रेषेवरच्या पहिल्या 50 लाखांवर डॉलरमागे दीड, पुढच्या 50 लाखांवर पावणेदोन, त्यापुढच्या 50 लाखांवर अडीच, मग सव्वातीन, आणि असाच चढत.

समजा एखादा संघ लिनशिवाय बरोबर रेषेवर आहे. त्याच्या 1 कोटी 49 लाखांवर दंड होतो: 75 लाख, अधिक साडेसत्याऐंशी लाख, अधिक उरलेल्या 49 लाखांवर सव्वा कोटीच्या आसपास. बेरीज सुमारे 2 कोटी 85 लाख. पगार धरून एका खेळाडूचं एक वर्ष 4 कोटी 34 लाखांना पडलं. संघ आधीच रेषेच्या 50 लाख वर असेल, तर नुसता दंडच पावणेचार कोटींच्या घरात.

निक्सकडे 2014-15 साठी कार्मेलो अँथनी, अमारे स्टाउडमायर आणि टायसन चँडलर या तिघांचेच मिळून 6 कोटींच्या वर होते. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, अशी ती अवस्था.

निक्सला मॅच करायचा हक्क होता का, यावरच वाद झाला होता ना?

हो, आणि तो खेळाडूंनी जिंकला. दुसऱ्या संघाने सोडलेल्या खेळाडूला ‘वेव्हर’मधून उचललं, तर त्याचे जुने हक्क सोबत येतात की नाही, हा प्रश्न होता. जून 2012 मध्ये लवाद केनेथ डॅम यांनी ते येतात असा निवाडा दिला. त्यामुळे निक्सला लिनसाठी कॅपवर जाण्याची मुभा मिळाली. नियम आड आला, असं निक्सला म्हणता येत नाही ते यामुळेच. दार उघडं होतं.

मग त्यांनी नाही का म्हटलं?

पैसा हे एक कारण, ते वर आलंच. शिवाय लिन स्टार्टर म्हणून फक्त 25 सामने खेळला होता. मार्चमध्ये डावा गुडघा दुखावला, एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि प्लेऑफला, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांना, तो नव्हता. चेंडू हातून सुटण्याचं प्रमाण जास्त होतं. फेब्रुवारीत मायामीने त्याला अक्षरशः कोंडलं: 11 पैकी 1 शॉट आत, 8 गुण, 8 टर्नओव्हर. ज्या डँटोनींच्या पिक-अँड-रोल पद्धतीत (साथीदाराच्या आडोशाने बचावपटूला चुकवत जाण्याच्या चालीत) तो फुलला ते मार्चमध्येच पायउतार झाले होते. नवे प्रशिक्षक माइक वूडसन यांच्याकडे चेंडू अँथनीभोवती फिरायचा. वूडसन उघडपणे सांगत होते की लिन परत येणार. अँथनीने मात्र त्या कराराला जाहीरपणे अवाजवी म्हटलं.

दरम्यान निक्सने 39 वर्षांच्या जेसन किडला करारबद्ध केलं आणि पोर्टलंडकडून रेमंड फेल्टनला परत आणलं. फेल्टन आल्याची बातमी वाचली तेव्हाच मला लिनचं उत्तर कळलं.

पुढच्याच मोसमात निक्सने 54 सामने जिंकले. म्हणजे त्यांचं बरोबरच होतं की!

हा सगळ्यात जोरकस प्रतिवाद आहे आणि मी तो टाळणार नाही. 2012-13 मध्ये निक्सने 54-28 अशी कामगिरी करत आपला विभाग जिंकला आणि 2000 नंतर पहिल्यांदा प्लेऑफची एक फेरी पार केली. फेल्टनची सरासरी होती 13.9 गुण, 5.5 असिस्ट (साथीदाराला गुण मिळवून देणारे पास). ह्यूस्टनमध्ये लिनची 13.4 गुण, 6.1 असिस्ट. त्या एका वर्षापुरतं पाहिलं तर निक्सने कमी पैशांत तेच काम करून घेतलं.

पण लिन तेव्हा 24 वर्षांचा होता आणि सगळेच्या सगळे 82 सामने सुरुवातीपासून खेळला. निक्सने गोळा केलेले गार्ड उतरणीला लागलेले होते. किड त्या मोसमानंतर निवृत्त झाला. दुसऱ्या वर्षी निक्स 37-45 वर घसरले, प्लेऑफ हुकली, आणि 2014 च्या जूनमध्ये फेल्टनलाही डॅलसला पाठवून दिलं. तिसऱ्या वर्षी, ज्याच्या भीतीने लिनला सोडलं त्याच वर्षी, ते 17-65 होते. पैसे वाचले असतील. संघ वाचला नाही.

मग तुमचं मत काय? मॅच करायला हवं होतं?

हो. करायला हवं होतं.

पहिलं कारण नियमातच होतं. लीग आणि खेळाडू यांच्यातल्या 2011 च्या करारनाम्याने ‘स्ट्रेच’ नावाची सोय दिली होती. खेळाडूला सोडायचं असेल तर त्याचा उरलेला पगार, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट अधिक एक इतक्या वर्षांत पसरवता येतो. लिनचं शेवटचं एकच वर्ष उरलं असताना त्याला सोडलं असतं, तर 1 कोटी 49 लाख तीन वर्षांत, दरसाल सुमारे 50 लाख असे मांडता आले असते. रेषेवर उभ्या असलेल्या संघाला त्यावर पहिल्या वर्षी साधारण 75 लाख दंड, पावणेतीन कोटींच्या वर नव्हे. म्हणजे त्या भयानक आकड्यातून सुटायला वाट होती आणि ती दोन वर्षांनी, लिनला नीट पाहून मग निवडता आली असती. 17 जुलैच्या रात्री घाबरायची गरज नव्हती.

दुसरं, शेवटचं वर्ष उरलेला मोठा करार अदलाबदलीत चालतो. फुकटात चालतो असं मात्र नाही. ह्यूस्टनने जुलै 2014 मध्ये लिनला लेकर्सकडे पाठवलं तेव्हा सोबत ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची एक निवड द्यावी लागली. आशिकचाही करार तसाच होता, पण न्यू ऑर्लिन्सने त्याच्यासाठी उलट ह्यूस्टनलाच पहिल्या फेरीची निवड दिली. करार तोच, पण एकाचे मोजावे लागले आणि दुसऱ्याचे मिळाले. बाजारात उंच सेंटर दुर्मीळ होता, पॉइंट गार्ड पायलीचे पन्नास होते. बदली गार्डचा करार मॅच करताना ही गोष्ट कधीच विसरू नये.

आणि निक्सची खरी चूक मला 17 जुलैची वाटतच नाही. लवादाच्या निवाड्यानंतर ते स्वतःच लीगच्या सरासरी पगारापासून सुरू होणारा, चार वर्षांपर्यंतचा, संथ वाढीचा करार लिनपुढे ठेवू शकत होते. त्या वेळच्या बातम्यांनुसार त्यांचा पवित्रा ‘बाजारात भाव काढून आण’ असा होता. ज्याने भाव काढायचा त्यालाच कागद लिहायचा अधिकार मिळतो. आपल्या माणसाचा कागद दुसऱ्याला लिहू दिला, की तो आपल्या सोयीचा कसा असेल?

जर्सी, तिकिटं, टीव्ही यातून पैसे वसूल झाले नसते?

थोडे. जर्सीच्या विक्रीचा पैसा लीगमधल्या सगळ्या संघांत वाटला जातो, त्यामुळे ‘लिनच्या जर्सीवर करार फिटला असता’ हे म्हणणं चुकीचं आहे. टीव्हीचं मात्र वेगळं. न्यूयॉर्कमध्ये केबल कंपनी आणि निक्सचं चॅनल यांच्या भांडणात 2012 च्या सुरुवातीपासून लाखो घरांत निक्सचे सामने दिसत नव्हते. लिनची लाट आली आणि 17 फेब्रुवारीला तडजोड झाली.

मॅच करून पस्तावलेला संघ आहे का?

आहे. 2016 मध्ये ब्रुकलिन नेट्सने मायामीच्या टायलर जॉन्सनला चार वर्षांचे 5 कोटी डॉलर देऊ केले. तोही ड्राफ्टमध्ये न निवडलेला गार्ड, तोही अरेनस नियमाखालचा: पहिली दोन वर्षं 60 लाखांच्या आत, तिसरं आणि चौथं 1 कोटी 90 लाखांच्या पुढे. मायामीने मॅच केलं. पहिली दोन वर्षं तो स्वस्तात उपयोगी पडला. तिसऱ्या वर्षी पगाराची उडी आली आणि फेब्रुवारी 2019 मध्ये त्याला फिनिक्सला पाठवलं. गुणी खेळाडू होता. पगारच असा होता की रोज त्याच्या खेळाआधी तोच डोळ्यांत भरायचा.

आणि न करून पस्तावलेला?

क्लीव्हलंड, त्याच उन्हाळ्यात. मॅथ्यू डेलाव्हेडोवा हा ऑस्ट्रेलियन बदली गार्ड. 2015 च्या अंतिम मालिकेत तिसऱ्या सामन्यानंतर इतका गळून गेला की त्याला थेट रुग्णालयात न्यावं लागलं. 2016 चं विजेतेपद जिंकल्यावर लगेच मिलवॉकीने त्याला चार वर्षांचे 3 कोटी 84 लाख दिले आणि क्लीव्हलंडने जाऊ दिलं. हिशोब योग्यच होता, कारण मिलवॉकीत नवखा माल्कम ब्रॉग्डन लवकरच त्याच्यापुढे गेला. पण जानेवारी 2017 मध्ये लेब्रॉन जेम्स जाहीरपणे वैतागून म्हणाला की संघाला आणखी एक प्लेमेकर हवा आहे. फेब्रुवारीत डेरॉन विल्यम्सला आणावं लागलं. हिशोब बरोबर आला, तरी जागा रिकामी राहिली.

आमच्या आवडत्या संघापुढे असा प्रस्ताव आला तर आधी काय पाहायचं?

एकूण आकडा बाजूला ठेवा आणि सगळ्यात महाग वर्ष शोधा. त्या वर्षी संघात आणखी कोणाकोणाचे करार चालू असतील, टॅक्सची रेषा किती जवळ असेल, ते लिहून काढा. मग विचारा की मुख्य गार्ड सहा आठवडे बाहेर बसला तर हा खेळाडू संघ चालवेल का. उत्तर ‘हो’ असेल आणि त्या महाग वर्षातून सुटायची एक तरी वाट असेल, तर मॅच करा. दुसऱ्या फळीच्या गार्डसाठी इतके कशाला, हे लोक दुखापत होईपर्यंतच म्हणतात.

लिनचं पुढे काय झालं?

17 डिसेंबर 2012 ला तो ह्यूस्टनकडून पहिल्यांदा मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये परतला: 22 गुण, 8 असिस्ट, ह्यूस्टन 109-96 ने विजयी. नंतर ह्यूस्टनमध्ये पॅट्रिक बेव्हर्लीने त्याची सुरुवातीची जागा घेतली. मग लेकर्स, शार्लट, ब्रुकलिन, अटलांटा. फेब्रुवारी 2019 मध्ये तो टोरंटोला गेला, पुन्हा बदली गार्ड म्हणून, आणि त्याच जूनमध्ये टोरंटोने विजेतेपद जिंकलं. 0.5 सेकंद राखून ज्यांना हरवलं होतं, त्यांच्याकडूनच त्याला विजेतेपदाची अंगठी मिळाली.